पावणेदोन बाह्या

लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधोमध अडकली तेव्हा आत दोघंच होते. दिवा एकदा मिणमिणला, वरचा पंखा बंद पडला, आणि तिने पर्स छातीशी आवळली.

तसं पाहिलं तर या प्रसंगाची तयारी ती तीन वर्षं करत होती. रोज सकाळी लिफ्टमध्ये पाऊल ठेवताना ‘आज अडकणार’ असं ती मनाशी म्हणायची. पर्समध्ये पाण्याची बाटली, बिस्किटं, छोटी बॅटरी, आत्याचा नंबर लिहिलेला कागद असा सगळा जामानिमा असायचा. मन चिंती ते वैरी न चिंती, त्यातली तिची गत. जिने तिला लहानाची मोठी केली ती आत्या म्हणायची, "हिला काळजी करायला कारण लागत नाही, नुसती फुरसत मिळाली की पुरे." आणि आता लिफ्ट खरोखरच अडकली, तर त्या पर्सची चेनसुद्धा तिला उघडेना.

"घाबरू नका," शेजारचा माणूस म्हणाला. "मी लिफ्टवाला आहे, दुरुस्तीचा."

तिने वळून पाहिलं. तिशीतला असेल. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चेहऱ्यावर घामाचा एक थेंब नाही. तिला त्याचा थोडा रागच आला.

"मग उघडा ना."

"आतून उघडायची नसते. आमचा पहिला धडाच तो."

"मग तुम्ही लिफ्टवाले असून उपयोग काय?"

"उपयोग असा—" त्याने घंटेचं बटण दाबून धरलं, "—की कुणी येईपर्यंत मी तुम्हाला खात्रीने सांगू शकतो, ही पडणार नाही. वर पाच दोर आहेत. एकटा एक दोरही हिला पेलतो."

"आणि पाचही तुटले तर?"

"तर खाली पकड असते. ती रुळाला घट्ट धरते."

"आणि पकड—"

"तुम्ही नोकरी कुठे करता हो? विम्यात?"

ती कसनुशी हसली. "नाही... असंच, कागदी काम."

त्याने बटण सोडलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. "बोलत राहिलं की वेळ जातो. मीच बोलतो, तुम्ही नुसतं हं म्हणा. मी इथला नाही. म्हणजे इथलाच, पण चार वर्षं तिकडे असतो." त्याने त्या दूरच्या शहराचं नाव घेतलं. "बहिणीचं बाळंतपण होतं म्हणून आईला घेऊन आलोय. चार आठवड्यांची रजा आहे. आणि आज या इमारतीत भांडायला आलोय."

"कुणाशी?"

"सातव्या मजल्यावर एक ऑफिस आहे. ते म्हणे कुठल्या शहरापासून कुठलं शहर किती लांब, विमानाला किती वेळ लागतो, असलं लिहून देतात. त्यांनी लिहिलंय, तिकडून इकडे यायला तीन तास पाच मिनिटं."

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"लागतात साडेपाच," तो पुढे म्हणाला. "मी आईला सांगत होतो. पण तिचं म्हणणं, तुझ्या बोलण्यापेक्षा लिहिलेलं खरं. तिला तिकडे पहिल्यांदा नेलं तेव्हा ती गोळी घेऊन झोपली होती, त्यामुळे तिला काही पत्ताच नाही. या वेळी जागी होती. तिचं गणित साधं. बाळाच्या स्वेटरच्या एका बाहीला तीन तास लागतात. तेवढीच लोकर घेतली. बाही झाली, लोकर संपली, खाली बघते तर पाणीच पाणी. तिने घंटी वाजवून हवाईसुंदरीला बोलावलं आणि विचारलं, रस्ता चुकलाय का? त्यानंतरचे अडीच तास माझा हात..." त्याने मनगट पुढे केलं. नखांचे चार पुसट व्रण अजून दिसत होते. "आता म्हणते, मेले तरी विमानात बसणार नाही. तिचं घर तिकडे, झाडं तिकडे, शिवणयंत्र तिकडे. इथे बहिणीच्या दोन खोल्यांत ती किती दिवस राहणार? मला फर्मान आहे, ज्याने ते तीन तास लिहिले त्याला माझ्यासमोर उभा कर."

ती नुसती हं म्हणाली. 

बावीस मिनिटांनी लिफ्ट हलली. सातव्या मजल्यावर दार उघडलं, त्याने तिला आधी बाहेर पडू दिलं आणि विचारलं, "ते ऑफिस कुठल्या बाजूला?" ती पुढे चालू लागली. तो मागोमाग. काचेचं दार ढकलून ती आत गेली, खिडकीजवळच्या टेबलावर पर्स ठेवली, आपल्या खुर्चीत बसली आणि समोरची खुर्ची दाखवून म्हणाली, "बसा. काय... काय तक्रार होती आपली?"

तो उभाच राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा हसू लागला.

"बावीस मिनिटं तुम्ही गप्प ऐकत होतात?"

"तुम्हीच म्हणालात," ती टेबलाकडे बघत म्हणाली, "आतून उघडायची नसते."

ऑफिसात सहा माणसं होती आणि तिचं नाव पडलं होतं अंतरवाली. प्रवासी कंपन्यांना प्रत्येक दोन शहरांसाठी एक पान लिहून द्यायचं: सरळ रेषेत अंतर किती, विमानाला वेळ किती, दोन्हीकडच्या घड्याळांत फरक किती. अशी चारशेच्या वर पानं तिच्या हातची होती, आणि प्रत्येक पान ती तीनतीनदा तपासायची. हे एक सोडून. त्या दिवशी आकडे काढणारा प्रोग्रॅम बंद होता, चाळीस पानं हाताने करायची होती, आणि आत्या दातांच्या डॉक्टरकडे एकटीच गेलेली होती, म्हणजे जीव निम्मा तिकडे.

तिने पान उघडलं. अंतर तीन हजार नऊशे बारा किलोमीटर, बरोबर. वेळ... तिने दोनदा वाचलं. विमान तिकडून साडेदहाला सुटतं, इकडे एक पस्तीसला पोचतं. तिने एकातून दुसरं वजा केलं होतं आणि तीन तास पाच मिनिटं लिहून मोकळी झाली होती. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे, हे खालच्याच ओळीत तिनेच लिहिलं होतं.

"अडीच तास मी खाल्ले," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पाच तास पस्तीस हवं होतं. आणि इकडून तिकडे जायला पाच तास पाच."

"जायला कमी का?"

"वारा. जाताना पाठीशी असतो, येताना तोंडावर."

"हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि मघापासून रिकामी असलेल्या खुर्चीत बसला. "आता आईला तुम्हीच सांगा. प्लीज... मी भांडतो असं समजा, आणि तुम्ही हरलात असं समजा."

संध्याकाळी ती त्याच्या बहिणीच्या घरी गेली. दारात पोचेपर्यंत तिने माफीची तीन वाक्यं पाठ केली होती. आत दोरीवर बाळाचे इवलेसे कपडे वाळत होते, बहीण पलंगावर बाळाला घेऊन डुलक्या काढत होती, आणि खुर्चीत एक ठेंगण्या बाई ताठ बसल्या होत्या. मांडीवर एका बाहीचा स्वेटर.

"तूच का ती तीन तासवाली?"

पाठ केलेली तिन्ही वाक्यं विरून गेली. "हो काकू. चुकलं माझं."

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांना बहुधा कुणी चष्मेवाला, पोट सुटलेला गृहस्थ अपेक्षित होता. "मी तुझ्या भरवशावर बसले होते ग. तीन तास लिहिलंय म्हटल्यावर तीन तासांचं धैर्य घेऊन बसले. पुढचं आणायचं कुठून?"

हे वाक्य तिला फार लागलं. कारण ते तिला कळलं. ती स्वतः असंच जगायची, मोजून धैर्य घेऊन.

"मी दुरुस्त करून देते, काकू. लिहून देते. नुसता तास नाही, प्रत्येक मिनिटाला काय होतं ते. कान कधी बंद होतात, आवाज कधी बदलतो, पाणी कधी लागतं आणि कधी संपतं. म्हणजे तुम्ही कागद बघायचा आणि बाही विणायची."

काकू विचारात पडल्या. दुधाने तोंड पोळलेलं, त्या ताकही फुंकून पिणारच. "तुला काय माहीत आतलं? तू पुष्कळ हिंडली असशील म्हणा."

"हो... म्हणजे, कामच तसं आहे ना."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खरी गोष्ट अशी की चारशे पानं लिहिणारी ही बाई आयुष्यात एकदाही विमानात बसली नव्हती. विमान डोक्यावरून गेलं तरी ती रस्त्याच्या कडेला व्हायची. ऑफिसने सगळ्यांचे पासपोर्ट काढून दिले होते, त्यातला तिचा कपाटात कोराच पडून होता.

मग कागदाचं काम सुरू झालं. ऑफिससमोरच्या कॉफीच्या दुकानात, रोज साडेपाचला. तो सांगायचा, ती लिहायची. बाहेर कधी भुरभुर पाऊस असायचा, काचेवर थेंब ओघळत राहायचे, आणि टेबलावर त्याचा तळहात विमान होऊन हळूहळू वर चढायचा.

"पहिलं मिनिट. पळायला लागतं. पाठ खुर्चीला चिकटते."

"जोरात?"

"कुणीतरी मायेने मागे ढकलावं, एवढीच."

"हे लिहू? मायेने?"

"लिही ना. आईला आवडेल." त्याने कधी अहो-जाहो सोडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. खरं तर तिच्या आलं होतं. त्या रात्री तिला पाऊण तास झोप लागली नव्हती. "तिसऱ्या मिनिटाला खालून धाडकन आवाज. चाकं आत जातात. घाबरायचं नाही."

"...घाबरायचं नाही," ती लिहायची आणि त्याखाली दोनदा रेघ मारायची.

"तुला काय विचारायचं ते विचार."

"खिडकीला पडदा असतो तो... वर सरकतो की खाली?"

त्याने कपातून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "वर," तो म्हणाला. "खाली ओढला की बंद."

कानांत दडे बसतात तेव्हा काय करायचं हे दाखवायला त्याने खिशातून दोन लिंबाच्या गोळ्या काढल्या. एक तिला दिली. ती तिने खाल्ली नाही. ती अजून तिच्या ड्रॉवरमध्ये कागदात गुंडाळलेली आहे, आणि मुंग्यांच्या भीतीने डबीत बंद आहे.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत कागद तासाभराचा झाला होता, तिसऱ्या आठवड्यात चार तासांचा. आणि तसतशी तिची झोप उडाली. कारण कागद पाच तास पाच मिनिटांना संपणार होता, आणि तो संपला की तोही जाणार होता. दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवत होते. तो म्हणायचा, "आज ढगांचा भाग राहू दे, उद्या करू." ती म्हणायची, "हो, ढग घाईत नकोत." पण तारीख काही कुणासाठी थांबत नाही. तीन हजार नऊशे बारा हा आकडा तिने किती वेळा टाइप केला होता, आणि तो केवढा मोठा आहे हे तिला आत्ता, या टेबलावर कळत होतं.

तारखेला पाच दिवस उरले असताना तो आला तो उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच घाम होता.

"मला उद्या सकाळी निघावं लागतंय. तिकडे एका हॉस्पिटलच्या दोन्ही लिफ्ट बंद पडल्यात. पेशंट जिन्यावरून उचलून नेतायत. माझं तिकीट बदललं त्यांनी."

"आणि काकू?"

"तिचं तिकीट शनिवारचंच. एकटी ती जाणार नाही. बहिणीला तान्हं बाळ सोडून येता येत नाही. म्हणजे कागद वगैरे..." त्याने टेबलावरच्या वहीला बोट लावलं आणि काढून घेतलं. "तुझी मेहनत फुकट गेली बघ."

मेहनत. म्हणजे त्याला तेवढंच दिसत होतं की काय? तिला रडू फुटेल असं वाटलं, आणि ते फुटू नये म्हणून जे पहिलं वाक्य तोंडात आलं ते तिने बोलून टाकलं.

"मी घेऊन येते काकूंना."

"तू?"

"माझी रजा आहे साठलेली. आठ दिवस. आणि मी... मला काय, सवय आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण फोन वाजला, हॉस्पिटलचा, आणि तो बोलत बोलत पावसात निघून गेला. काचेपलीकडून त्याने एकदा हात केला. तिने हात वर करेपर्यंत तो कोपऱ्यावर वळला होता.

घरी आत्याने सगळं ऐकून घेतलं. "लिफ्टने सात मजले जाताना जिचा जीव जातो, ती विमानात बसणार," ती म्हणाली. मग माळ्यावरून बॅग काढून दिली. "कुणासाठी, ते विचारत नाही. मला दिसतंय."

व्हिसा आणि तिकीट चार दिवसांत ऑनलाइन झालं. शनिवारी सव्वानऊचं विमान. त्या दोघी सहालाच विमानतळावर होत्या, कारण दोघींनाही लवकर पोचायची सवय. काकूंच्या पिशवीत लाकडी सुया आणि बाळाच्या दुसऱ्या स्वेटरच्या बाह्यांसाठी लोकरीचे दोन गुंडे. तिच्या हातात सात पानी कागद, प्लास्टिकच्या पाकिटात. रांग पुढे सरकत होती, आणि ती पाकिटातली पानं पुन्हा पुन्हा मोजत होती.

"बघू तुझा," काकू म्हणाल्या आणि वेळ घालवायला म्हणून त्यांनी तिच्या हातातला पासपोर्ट घेतला. एक पान उलटलं. दुसरं. मग शेवटापर्यंत सगळी उलटली.

"कोरा आहे ग."

तिला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं.

"तू कधी बसलीच नाहीस?"

"...नाही."

"मग ही सात पानं? कान, चाकं, ढग?"

"त्याने सांगितलेलं. तेवढं सगळं खरं आहे, काकू. माझंच काय ते खोटं होतं."

काकू रांगेतून बाहेर झाल्या. मागच्या माणसाने बॅग पुढे ढकलली आणि त्यांची जागा भरली. ती त्यांच्यामागे गेली. काकूंनी आता परत फिरायचं म्हटलं असतं, तर सगळं तिथेच संपलं असतं. तिला त्यांना अडवता आलं नसतं, आणि एकटीने जायला तिच्याकडे ना कारण होतं ना हिंमत. तो तीन हजार नऊशे बारावर राहिला असता आणि ती शून्यावर.

"दुसऱ्यांदा फसवलंस मला," काकू म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, नुसत्या थकल्या होत्या. "एवढी घाबरतेस, हात बघ कसे बर्फ झालेत. मग निघालीस कशाला? माझ्यावर उपकार करायला?"

"नाही." आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "तो तिकडे आहे म्हणून."

तिने हे अजून त्याला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते थेट त्याच्या आईला, विमानतळावर, चाकांच्या बॅगांच्या खडखडाटात.

काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्यांनी पासपोर्ट मिटला, तिच्या हातात दिला, मग पिशवीत हात घालून लोकरीचा एक गुंडा काढला आणि तोही तिच्या हातात दिला.

"हा धर. हात रिकामे ठेवायचे नाहीत, नाहीतर जास्त कापतात." त्या परत रांगेकडे वळल्या. "आता मला घाबरून चालायचं नाही. दोघींपैकी एकीला तरी धीट असलं पाहिजे."

पाठ खुर्चीला चिकटली, मायेने. तिसऱ्या मिनिटाला धाडकन आवाज झाला, तेव्हा तिने डोळे गच्च मिटले आणि काकूंनी चष्मा सावरून कागद मोठ्याने वाचला, "चाकं आत जातात. घाबरायचं नाही. ऐकलंस का? तूच लिहिलंयस." पलीकडच्या खुर्चीवरचे गृहस्थ हसले. काकूंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्यांनी पेपरात तोंड घातलं.

सुया टकटक चालत राहिल्या. ती लोकर मोकळी करून देत होती, काकू विणत होत्या. चाळीस मिनिटांनी पाणी लागलं, कागदात लिहिल्याप्रमाणे. दोन तासांनी ढग आले, विमान खडबडलं, आणि कागदात ‘सहा-सात मिनिटं’ होतं ते नऊ मिनिटं चाललं. ती नऊ मिनिटं तिने काकूंच्या पदराचं टोक मुठीत धरून काढली. मग बाही पुरी झाली. काकूंनी धागा तोडला आणि घड्याळात पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं. तीन तास पाच.

खाली पाणीच पाणी होतं.

काकूंचे हात थांबले. ओठ घट्ट मिटले गेले. मागच्या खेपेची सगळी भीती त्यांच्या चेहऱ्यावर परत गोळा होताना तिला दिसत होती, आणि गंमत अशी की त्या क्षणी तिची स्वतःची कुठल्या कुठे गेली. तिने दुसरा गुंडा काढला, टोक शोधलं, काकूंच्या हातात दिलं.

"हे मी खाल्लेल्या अडीचातले दोन तास, काकू. आज परत करते. दुसरी बाही घाला."

काकूंनी टाके घालायला घेतले. "पुरी नाही व्हायची," त्या मोजून म्हणाल्या. "पाच तास म्हणजे पावणेदोन बाह्या, धर. पाव राहील."

तिकडच्या विमानतळावर तो सगळ्यांत पुढे, कठड्याला चिकटून उभा होता. केस विस्कटलेले, शर्ट कालचा. आईला पाहून त्याने आधी डोळे मिटून घेतले, मग उघडले.

"किती वेळ लागला?" त्याने विचारलं.

"पावणेदोन बाह्या," काकू म्हणाल्या. "लेखी होतं तेवढंच. हॉस्पिटलच्या लिफ्ट चालू झाल्या?"

"पहाटे."

"मग झोपला का नाहीस?"

त्याने दोघींच्या बॅगा उचलल्या. टॅक्सीपाशी काकू तरातरा पुढे झाल्या. "मी पुढे बसणार. मागे मला मळमळतं." त्या बसल्या, पट्टा लावला आणि पिशवीतून सुया काढल्या.

"घर किती लांब आहे?" तिने मागे बसत विचारलं. चारशे पानं लिहूनही विमानतळापासून कुणाचं घर किती लांब असतं, हे तिने कधी लिहिलं नव्हतं.

"पाऊण तास."

टॅक्सी निघाली. निम्मा रस्ता ती बाहेरच्या इमारती मोजत राहिली. मग ती म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय. मी आयुष्यात कधी—"

"माहीत आहे."

"काय?"

"पडदा वर सरकतो की खाली, हे जिने विचारलं, ती विमानात बसलेली नाही. एवढं लिफ्टवाल्यालाही कळतं."

"मग तरी... तरी काकूंना माझ्याबरोबर पाठवलंस?"

"तू म्हणालीस, मी घेऊन येते." त्याचा आवाज हळू झाला. "ते ऐकल्यावर मला पुढचं काही सुचलंच नाही. नंतर सुचलं, की नाही म्हणायला हवं होतं. आज सकाळपासून घड्याळ बघतोय. लिफ्ट अडकली की लोकांना सांगत असतो, घाबरू नका. मला सांगायला कुणी नव्हतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस घाबरतो, ही गोष्ट तिला कधी सुचलीच नव्हती.

"चार आठवडे बोलायचं म्हणत होतो," तो म्हणाला. "पण जी सात मजल्यांना घाबरते, तिला म्हणायचं काय... इतक्या लांब ये?"

"म्हणून मेहनत फुकट गेली म्हणालास?"

"दुसरं काय म्हणणार होतो?"

"म्हणून बघायचं होतंस." ती आता त्याच्याकडे वळून बसली. "मला तू आवडतोस. मला अजूनही भीती वाटते. विमानाची वाटते, लिफ्टची वाटते, परत जायचं आहे त्याची तर आत्तापासून वाटते. पण तू नसलास तर काय, याची त्या सगळ्यांपेक्षा जास्त वाटली. म्हणून आले."

त्याने तिचा हात हातात घेतला. मनगटावरचे व्रण बुजले होते. तिने दुसऱ्या हाताने त्याच्या घड्याळाकडे बोट केलं, आणि आपलं घड्याळ काढून अडीच तास पुढे लावलं. किल्ली त्याने धरून दिली.

"परतीचं कधीचं आहे?" त्याने विचारलं.

"आठ दिवसांनी. पाच तास पस्तीस. वारा तोंडावर."

"मी येतो बरोबर. दोन दिवसांची रजा मिळेल. तुझ्या आत्याशी बोलायला."

"काय बोलणार?"

"अं... ते... मी अजून ठरवलं नाही. लिहून देशील का?"

ती हसली. त्या सकाळपासून पहिल्यांदा. तेवढ्यात पुढची टकटक थांबली. काकूंनी दाताने धागा तोडला, बाही दोन्ही हातांत धरून उजेडात न्याहाळली, आणि मागे वळून न बघता म्हणाल्या, "माझी बाही झाली. तुमचं झालं का?"